कॉफीच्या कपातला राष्ट्राभिमान

‘ग्रीक कॉफी’ हे नाव ऐकले की शतकानुशतकांच्या परंपरेचा भास होतो. वास्तविक ग्रीसमध्ये ही कॉफी पूर्वी सर्रास ‘तुर्की’ म्हणूनच मागवली जात असे. १९७४ साली तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरले आणि त्या संतापात ‘ग्रीक’ हे विशेषण रूढ झाले. तो संताप अनाठायी होता, असे कोण म्हणेल? माझा आक्षेप, रागाच्या भरात बदललेले नाव प्राचीन वारसा म्हणून मिरवण्याला आहे.

कारण नाव बदलले तरी कॉफी तीच राहिली. लांब दांड्याच्या भांड्याला आजही ‘ब्रिकी’ म्हणतात आणि वर धरणाऱ्या फेसाला ‘काइमाकी’. दोन्ही शब्द तुर्कीतून आलेले. पूड, पाणी आणि साखर एकत्रच उकळतात, म्हणून गोड किती हवी ते आधीच सांगावे लागते. मग गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे आणि गार पाण्याच्या पेल्यासोबत सावकाश घुटके घ्यायचे. एजियन समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर रीत हीच.

उझोची कथाही निराळी नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ते ग्रीस वा सायप्रसमध्येच बनलेले असावे लागते. उत्पादकांचे पोट त्यावर आहे, तेव्हा तक्रार नाही. परंतु पाणी घालताच उझो दुधाळ होते, कारण त्यातले अनेथोल मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही. तुर्कांची राकी आणि लेबनॉनचा अरकही असेच पांढरे होतात. शिवाय उझो नुसते पीत नाहीत. ऑलिव्ह, चीज, भाजलेला ऑक्टोपस अशा लहान लहान बशा सोबत हव्यात. त्यांना ‘मेझे’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी, अर्थ चव. आपली ‘मजा’ त्याच घरची.

१९२३च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आशिया मायनर सोडून ग्रीसमध्ये आले. घरेदारे मागे राहिली; स्वयंपाक आणि खाण्यापिण्याच्या रीती तेवढ्या सोबत आल्या. या पेयांना ‘शुद्ध ग्रीक’ ठरवताना नेमकी त्यांचीच आठवण पुसली जाते. शुद्धतेचा आग्रह शत्रूला दूर लोटण्यासाठी धरला जातो आणि प्रत्यक्षात आपल्याच आजोबांचे गाव नकाशावरून खोडतो. कॉफीला ग्रीक खुशाल म्हणावे. पण ती कुठून आली, हे विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवू नये.