अळंबी ओळखणारी म्हातारी

आषाढ संपत आला की डोंगराकडून येणाऱ्या बायकांच्या पाट्यांवर माझी नजर असते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी... कुर्डू, टाकळा, भारंगीच्या जुड्यांआड पानात गुंडाळलेली अळंबी दिसली, तर मैत्रिणींनो, घासाघीस करू नका. ती कुणी पेरून आणलेली नसते.

पाकिटातलं पांढरं मशरूम बारा महिने खोलीत पिकवता येतं. ही अळंबी मात्र वारुळावरच उगवते. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाऊन जमिनीखाली बुरशीची जणू बागच राखते. पाऊस लागला की त्याच बागेतून लांब मुळीसकट छत्र्या वर येतात. म्हणून वारूळ मोडलं की अळंबी संपली. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो आणि प्लॉट सपाट करायला जेसीबीही आपणच बोलावतो!

डोंगरातल्या गावांत मी पाहिलंय, अळंबीला एकटं कुणी जात नाही. गव्याची भीती असतेच. पहाटे जावा, नणंदा, शेजारणी मिळून निघतात, सोबत एखादी म्हातारी. कुठल्या वारुळावर कधी फुटणार, हे तिच्या डोक्यात पक्कं. वारूळ उकरायचं नाही, सगळी काढायची नाही. शंका आली की एकच वाक्य, "कुत्र्याची छत्री हाय ती, सोड!" परतल्यावर वाटे पडतात. गुडघ्यांमुळे घरी राहिलेल्या शेजारणीलाही वाटा असतो.

हे शिक्षण आता तुटत चाललंय, याची मला खरी काळजी वाटते. म्हातारीबरोबर जायला सुनांना वेळ नाही, आणि शहरातल्या हौशी मंडळींना मोबाईलवरचा फोटो पुरतो. फोटोत सगळ्या छत्र्या बहिणी-बहिणीच दिसतात हो! शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडला नाही, किड्यांनी खाल्लीय, म्हणजे चांगली, हे सगळं साफ खोटं. कितीतरी विषं उकळूनही जात नाहीत. सर्वांत घातक जातीचं तर सहा-बारा तास काही कळतच नाही. मग उलट्या, जुलाब. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर थांबू नका. उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. चांगलंच आहे. पण भाजी ओळखणारी बाई स्टॉलमागे आणि माईक भलत्याच्याच हातात, हे मला पटत नाही. माईक तिला द्या, मानधनही द्या. महिला मंडळांनी, बचत गटांनी सहलीला दरवेळी महाबळेश्वरच कशाला गाठायचं? एक श्रावण डोंगरातल्या गावात जा. अभयारण्याची हद्द सोडून, गावच्या रानात, जाणत्या मावशींच्या मागून चाला. तिची दिवसाची मजुरी आधीच ठरवा. तिनं नको म्हटलेलं काही पिशवीत टाकू नका.

आणि कालवण तिलाच करू द्या. कांदा-लसूण चटणी तेवढी बेतानं घालायला सांगा, नाहीतर अळंबीची चव काही लागत नाही.