फुकट घ्या, पण नाव तरी घ्या!

परवा जेवताना ऑफिसातल्या एका मित्राने पिंक टाकली, "फुकटच्या सॉफ्टवेअरला कसली आलीये क्वालिटी?" मी म्हटलं, बुद्धिबळ खेळतोस ना? मग ऐक.

मोठमोठे ग्रँडमास्टर ज्याच्याकडून आपल्या चाली तपासून घेतात, ते स्टॉकफिश चकटफू आहे. २००४ मध्ये नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचं इंजिन काढलं. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने तोच कोड घेऊन स्टॉकफिश सुरू केलं. २०१३ पासून फिशटेस्ट आहे. म्हणजे जगभरातले लोक आपापले कम्प्युटर उधार देतात आणि कोडमधला प्रत्येक बदल हजारो डाव खेळवून तपासला जातो. फायदा दिसला तर आत, नाहीतर बाहेर. तिथे कोणाची सीनियॉरिटी चालत नाही, राव! आपल्या किती कंपन्यांत असं टेस्टिंग होतं?

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या चेसबेसने 'फॅट फ्रिट्झ २' बाजारात आणलं. किंमत जवळपास १०० युरो. आत काय? स्टॉकफिशचा कोड आणि वर स्वतःचं मोठं न्यूरल नेटवर्क. नेटवर्कची मेहनत त्यांची, मान्य. पण जाहिरातीचा थाट असा, की जणू सगळा स्वयंपाक यांनीच केलाय. त्यांच्याच दुकानातलं हूडिनी ६ सुद्धा स्टॉकफिशवरच बेतलेलं निघालं. जुलै २०२१ मध्ये स्टॉकफिशवाले कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि दोन्ही इंजिनांची विक्री थांबली.

लगेच कोणीतरी म्हणेल, "म्हणजे पैसे कमवायचेच नाहीत का?" खुशाल कमवा की! जीपीएल विकायला मनाई करत नाही. अट एवढीच, की ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्सही द्या, आणि तुम्हाला मिळाली तीच मोकळीक त्यालाही द्या. चेसबेसचा डेटाबेस लोक वर्षानुवर्षं पैसे मोजून घेतात, कारण तो त्यांनी खरंच बांधलाय. त्याबद्दल तक्रार नाही.

आणि उसनवारी स्टॉकफिशनेही केलीये. २०२० मध्ये आलेलं त्याचं न्यूरल नेटवर्क मुळात यू नासू या जपानी प्रोग्रॅमरने शोगीसाठी २०१८ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभं आहे. पण ती उसनवारी उघड आहे, नावानिशी आहे. चोरी आणि परंपरा यांत फरक असतो तो एवढाच.

आता कबुली. एका जुन्या नोकरीत मॅनेजरच्या सांगण्यावरून मी एका मोफत लायब्ररीच्या फायलींमधून लेखकाचं नाव आणि लायसन्सच्या ओळी उडवल्या होत्या. "क्लायंटला कशाला कळायला हवं?" दोन मिनिटांचं काम. ज्याने ते रात्री जागून लिहिलं असेल, त्याचा विचारही मनात आला नव्हता.

सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या प्रॉडक्टच्या फोल्डरमध्ये जरा डोकावा. कोणाकोणाची नावं गायब आहेत ते मोजा. मग ठरवू, क्वालिटी नक्की कोणाची खराब आहे ते.