आमच्याशी तेव्हाही अशाच वागाल का?

२०२७च्या जनगणनेत जातीची नोंद होणार, असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ला जाहीर केलं, तेव्हापासून चर्चा आहे ती आकड्यांची. आकडे हवेतच. पण मैत्रिणींनो, शेजारणीच्या घरचं पाणी आपण पितो की नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ते कळायला माणसांत जाऊन राहणारे अभ्यासक लागतात. त्यांना शिकवतात, की भावना बाजूला ठेवा. मला हे अर्धंच पटतं.

इरावती कर्वे (१९०५-१९७०) बघा. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या. यवत-वरवंडला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, त्यामुळे दौंडकर बायकांना वारी नवी नाही. इरावतीबाईंना तिथे एक गोष्ट खुपली. अभंग सगळे मिळून म्हणायचे, पण त्यांच्या दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगवेगळं! बाई मराठा बायकांत जाऊन जेवल्या. मग त्या बायका हात धरून चालू लागल्या, घरचं-दारचं सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही ठरलं. तेवढ्यात एका तरुण पोरीने विचारलं, की आता वागताय तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल का?

तो साधा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला. विशेष म्हणजे त्यांनी तो झाकला नाही, लेखात लिहिला. १९६२ साली तो लेख इंग्रजीतून अमेरिकेतल्या संशोधनपत्रिकेत छापून आला. शेजारी राहूनही आपण किती परके, हे छापील प्रश्नावलीतून थोडंच हाती लागलं असतं? इथे तर पोरीनेच अभ्यासकबाईंची परीक्षा घेतली.

अर्थात, नुसतं रडू येणं म्हणजे अभ्यास नव्हे. शिरूरकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांवर माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी आली होती. एका बाईच्या बाळंतपणाची हकीकत ऐकून ती इतकी रडली, की त्या बाईलाच तिची समजूत घालावी लागली. बाईचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. परतताना मी म्हटलं, "रडू कशाने आलं ते लिही. तिने तुला पाणी दिलं, तेही लिही. आणि राहिलेलं ऐकायला परत जा."

तुमच्या दारी कुणी वही घेऊन आलं, तर उत्तरं जरूर द्या. पण त्या पोरीसारखं एखादं तुम्हीही विचारा.