गोकर्णीची सकाळ

पत्नीच्या निधनानंतर माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाची सकाळ अकराला उजाडू लागली. तपासणीत नवा आजार आढळला नाही. उठण्याचे कारणच उरले नव्हते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती वयावर न ढकलता डॉक्टरांना सांगावी. तसे उपचार सुरू केलेच. सोबत सूनबाईंच्या हाती गोकर्णीच्या चार बिया दिल्या.

गोकर्ण ही रानाच्या कडेला, कुंपणावर आपसूक वाढणारी बहुवर्षायू वेल. तिचे सोटमूळ खोल जाते. म्हणून एकदा रुजली की पाण्याची ओढ सहज सोसते. बियांचे कवच टणक असल्याने त्या रात्रभर भिजवून पावसाळ्याच्या आरंभी लावाव्यात. भरपूर ऊन, निचऱ्याची माती आणि चढायला दोरी एवढे तिला पुरते. कुंडी कमरेच्या उंचीवर ठेवल्यास वाकावे लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात.

गोकर्णीचे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत कोमेजते. ताजे फूल खुडायचे तर लवकर उठणे आलेच. निम्मी फुले मधमाश्या व भुंग्यांसाठी वेलीवरच ठेवावीत. कीटकनाशक फवारू नये. खुडलेली फुले सावलीत, स्वच्छ कापडावर एका थरात पसरावीत आणि हाताला कुरकुरीत लागली की हवाबंद बरणीत भरावीत. दोन-तीन सुकी फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते. लिंबू पिळताच जांभळे. नातवंडांना ही जादू वाटते. मात्र बिया व मुळे रेचक आहेत. त्या खाऊ नयेत आणि शेंगा मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ सुक्या फुलांची बरणी घेऊन आले. सहाला उठतात, भुंगे येण्यापूर्वी आपला वाटा खुडतात, असे सूनबाई कौतुकाने सांगत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, रोज हा निळा चहा घेतो. आता रक्तदाबाची गोळी थांबवू का?"

"काका, चहा खुशाल घ्या. पण तो पेय आहे, औषध नव्हे. गोळी चालूच राहील."

"मग वेलही चालूच राहील," ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले.