मास्क की सुई?

हर्निया किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी लहान मुलाला आत नेताना आईवडिलांची एकच विनवणी असते : सुई नको, मास्कनेच झोपवा. ती समजण्यासारखी आहे. सेव्होफ्लुरेन वायू हुंगून मूल झोपते आणि सलाईनची सुई नंतर, त्याच्या नकळत लावता येते. निरोगी मुलांना हे सहसा मानवते. ज्यांची श्वासनलिका आधीच हळवी आहे, त्यांचे गणित मात्र वेगळे.

ऑस्ट्रेलियातील पर्थच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ वर्षांपर्यंतची, अशीच जोखमीची ३०० मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला मास्कने, दुसऱ्याला शिरेतून प्रोपोफोल देऊन भूल दिली. मास्कच्या गटात ४३ टक्के मुलांना श्वसनाचा त्रास झाला, सुईच्या गटात २६ टक्के. यात नुसता खोकलाही मोजला होता, तसेच स्वरयंत्र आवळून श्वास अडकणेही.

गंमत म्हणजे सेव्होफ्लुरेन स्वतः श्वासनलिका सैल करतो. अडचण वाटेत आहे. जागेपणा आणि गाढ भूल यांच्या मधल्या अवस्थेत घसा फार चिडखोर असतो. लाळेच्या थेंबानेही स्वरयंत्र बंद होऊ शकते. वायूने ही अवस्था रेंगाळते, प्रोपोफोल ती झटकन ओलांडतो. शिवाय श्वास अडकलाच तर औषध द्यायला शीर तयार असते. तान्ह्या बाळाला वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो, त्यामुळे तेथे हातात फार थोडा वेळ असतो.

म्हणून सरसकट सुईच, असे नाही. गुटगुटीत बाळाची शीर सापडत नाही, एखादे मूल हातपाय झाडते, निर्णय भूलतज्ज्ञाचाच. सुईचे दुखणे कमी करायला बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येते. 

पालकांच्या हाती असते ती माहिती. रात्रीचा कोरडा खोकला, धावल्यावर छातीत घरघर, इसब, घरात कोणाला दमा, कोणी विडी-सिगारेट ओढणारे : हे सांगायला हवे. मोठ्या मुश्किलीने मिळालेली तारीख जाईल, काढलेली रजा वाया जाईल, म्हणून गेल्या आठवड्यातले पडसे दडवले जाते. पण पडशानंतर दोन आठवडे तरी श्वासनलिका चिडलेली असते. अपेंडिक्स थांबू शकत नाही. साधा हर्निया बहुधा थांबू शकतो.