रुमाल टाकलेला स्विच

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आणि सामाईक स्विचवर प्रायॉरिटी शून्य टाकणारा, हे दोघे एकाच गोत्रातले, असं माझं ठाम मत आहे. फरक एवढाच, की एसटीतला निदान 'माणूस येतोय हो!' असं खोटं तरी बोलतो. स्विचवाला तेवढीही तसदी घेत नाही.

अडाण्यांसाठी सांगतो. संगणकांच्या तारा जिथं येऊन मिळतात ती चपटी पेटी म्हणजे स्विच. या विद्येत सीसीआयई नावाची एक परीक्षा 1993 पासून चालू आहे. तिचं प्रात्यक्षिक 8 तासांचं. तेवढ्या वेळात पुण्याहून मुंबईला जाऊन, काम न होता परत येता येतं. पास झालात की तुम्हाला एक नंबर मिळतो. आता सरावाला सगळ्या पेट्या विकत घ्यायच्या म्हणजे खिशाला भोक. म्हणून क्लासात पाच-सहाजण मिळून एकच संच वापरतात, आणि इथंच महाभारत सुरू होतं.

या पेट्यांची आपसात निवडणूक होते. जाळ्यात गोल फिरणारी वाट राहू नये म्हणून एकीला प्रमुख मानून बाकीच्यांनी जादा वाटा बंद ठेवायच्या, ही युक्ती राडिया पर्लमनबाईंनी 1985 साली काढली. जिचा आकडा सर्वांत लहान, ती प्रमुख. मुळात सगळ्यांचा आकडा 32768. मग निकाल लागतो पेटीच्या जन्मजात पत्त्यावरून, आणि लहान पत्ता बहुधा सर्वांत जुन्या पेटीचा असतो. म्हणजे घरातल्यासारखंच: जो सर्वांत म्हातारा, किल्ल्या त्याच्या कनवटीला! आमचा वीर तिथं शून्य टाकतो आणि चहाला जातो. पलीकडचा बिचारा तासभर हिशेब जुळवत बसतो.

याहून भयंकर ते व्हीटीपी. एकाच पेटीत पाडलेल्या निरनिराळ्या खोल्यांना व्हीलॅन म्हणतात. त्यांची यादी प्रत्येक स्विच वहीत ठेवतो, वहीला नंबर असतो, आणि एका नावाच्या टोळीत ज्याच्या वहीचा नंबर मोठा त्याची यादी खरी! सरावात नंबर फुगलेला एखादा स्विच कोणी जोडला, की बाकीच्यांच्या खोल्या भुईसपाट. तिसऱ्या आवृत्तीत ही खोड मोडली. आता मुख्य म्हणून जाहीर केल्याशिवाय कोणाची वही चालत नाही. यंत्रांना अक्कल आली, माणसांची वाट पाहतो आहे.

यावर ही मंडळी म्हणतात, "अडचण असेल त्यानं घरी सिम्युलेटर बसवावा!" अहो, सिम्युलेटर उत्तमच असतो, पण त्यात शेजारी नसतो. नोकरीत शेजाऱ्याशिवाय स्विच कुठं मिळणार? ट्रंकवरच्या परवानगीच्या यादीत एक व्हीलॅन वाढवायचा असतो. 'ॲड' हा एवढासा शब्द राहिला, की यादीत भर पडत नाही, जुनी यादीच पुसली जाते. क्लासात त्यानं मित्र चिडतो. दवाखान्यात त्यानं डॉक्टरच्या पडद्यावर यायचा एक्स-रे येत नाही. 'या तारेवर आणखी कोण आहे?' हा प्रश्न ज्याच्या बोटांना पडत नाही, तो कितीही हुशार असो, धोक्याचाच.

आवरण्याबद्दल तर बोलायलाच नको. 'राइट इरेज' मारलं की हे पवित्र झाले! व्हीलॅनची यादी 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलीत तशीच बसलेली असते. म्हणजे भांडी घासली म्हणून सांगायचं आणि खरकटं मोरीत ठेवायचं. आणि दुसऱ्याची कन्सोल लाइन 'क्लिअर लाइन' करून त्याला न विचारता हाकलणं, याला तर मराठीत घुसखोरी असा स्वच्छ शब्द आहे.

क्लासच्या मास्तरांना माझं सांगणं आहे: वहीत वेळ लिहा, पलीकडच्याला विचारा, जाताना ती फाइलही पुसून मगच पेटी पुन्हा चालू करा. हे ज्याला जमत नाही त्याला अवघड धडा शिकवूच नका. परीक्षक हे तपासत नाहीत म्हणता? दवाखाना तपासतो. नंबर मोठा म्हणून खरा, हा न्याय जुन्या व्हीटीपीला शोभला. माणसांना शोभत नाही.