बुलेटची थोरली बहीण

आमच्या टीममधला एक जण परवा नवीकोरी बुलेट घेऊन ऑफिसला आला. अख्खी गँग पार्किंगमध्ये! पेढे, फोटो, 'एक राऊंड दे ना यार'... सगळं झालं. मी मात्र टाकीवरचं 'एनफील्ड' वाचत उभी. ''हे नाव बंदुकीच्या कारखान्याचं आहे, माहितेय?'' सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, आली ही मूड घालवायला! तुम्ही तरी ऐका.

एनफील्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव. तिथे ब्रिटिश सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एनफील्ड रायफलचीच. पुढे १८९० च्या दशकात एका सायकल कंपनीला या कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं आणि कंपनीने नावच उचललं. 'मेड लाइक अ गन' ही बुलेटवाल्यांची लाडकी लाइन आली ती अशी.

त्याच कारखान्याची १८९५ ची रायफल म्हणजे ली-एनफील्ड. यातला 'ली' म्हणजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला संशोधक. आपण तिला ओळखतो थ्री नॉट थ्री म्हणून, कारण तिची गोळी .३०३ इंचाची. दर गोळीनंतर हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. दाराची कडी काढावी आणि पुन्हा घालावी तसं. पण लीचा बोल्ट भलताच झटपट चालायचा. शिवाय जर्मन माउझरमध्ये पाच गोळ्या मावायच्या, हिच्यात दहा. तयारीचा ब्रिटिश सैनिक मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारायचा. १९१४ मध्ये हा एकदम टॉपचा माल होता, बॉस!

१९१९ मध्ये जालियनवाला बागेत याच रायफलींतून १६५० गोळ्या सुटल्या. सरकारी हिशेबानेच ३७९ माणसं गेली. आणि गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर तीच रायफल आपल्या जवानांच्या खांद्यावर राहिली. १९६२ मध्ये समोर चिन्यांकडे सेमी-ऑटोमॅटिक होत्या, आपले जवान बर्फात बोल्ट ओढत होते. त्यानंतर लष्कराला नव्या रायफली मिळाल्या. थ्री नॉट थ्री पोलिसांकडे राहिली. घरात नवा टीव्ही आला की जुना आतल्या खोलीत जातो ना, तसं.

२६ नोव्हेंबर २००८. मी तेव्हा शाळेत होते. बाबा रोज सीएसटीहून लोकल पकडायचे. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून लवकर निघाले, एवढंच. त्या रात्री दोघे जण एके-४७ घेऊन स्टेशनात शिरले. ट्रिगर दाबून धरला की तीस गोळ्या. आणि आपल्या बाजूला दर गोळीला कडी-कोयंडा! रेल्वे सुरक्षा दलाचे हेड कॉन्स्टेबल झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली थ्री नॉट थ्री घेऊन गोळी झाडली, वर प्लास्टिकची खुर्चीही भिरकावली. सीएसटीवर ५८ जण गेले.

बाबा अजून म्हणतात, ''तो हवालदार रोज दिसायचा गं, लाकडी दस्त्याची बंदूक घेऊन उभा. मला वाटायचं, आहे की बंदोबस्त!''

उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. म्हणजे १२५ वर्षांनी. रायफल वाईट नव्हतीच. तिचा जमाना संपला होता आणि 'चालतंय ना, मग कशाला बदलायचं' हा आपला फंडा मात्र संपत नव्हता.

परवा मीही बुलेटवर एक राऊंड मारलाच. सही वाटलं! जुन्या स्टाइलची गाडी आपण हौसेने घेतो आणि तिला क्लासिक म्हणतो. प्लॅटफॉर्मवरच्या त्या हवालदाराला त्याची चॉइस कुणी विचारली होती?